ब गटाचे सुखी उंदीर

"डॉक्टर, मी कालपासून डायबेटिसच्या गोळ्या बंद केल्या," देशमाने सर म्हणाले आणि माझ्यादेखत त्यांनी माशाच्या तेलाची एक कॅप्सूल तोंडात टाकली. पाणीसुद्धा घेतलं नाही. बडीशेप टाकावी तशी टाकली.

मी खुर्चीत बसायला निघालो होतो, तो अधांतरीच राहिलो.

देशमाने सर म्हणजे आमच्या लॅबचे मालक. मी तिथला जनावरांचा डॉक्टर. शिकलो गाई-म्हशींसाठी, नोकरी लागली उंदरांची. पनवेलजवळच्या एमआयडीसीत आमची लॅब आहे. कुठलंही औषध, पावडर, तेल माणसाच्या पोटात जाण्याआधी उंदराच्या पोटात घालून बघायचं, हा आमचा धंदा. मी आजवर इतके उंदीर हाताळलेत की एकावर एक उभे केले तर खारघरच्या डोंगराच्या वर शेपूट निघेल. करंजाड्याला आमच्या सोसायटीत मला 'उंदीरवाले डॉक्टर' म्हणतात. लिफ्टमध्ये मी शिरलो की बायका भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतात.

"सर, गोळ्या बंद कुणाच्या सांगण्यावरून?"

"तुमच्या."

"माझ्या?"

सरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. मीच पाठवलेला आलेख होता तो. दोन रेषा. बराच काळ दोघी मैत्रिणींसारख्या हातात हात घालून चाललेल्या, आणि मग एकदम फाटा फुटलेला. एक खाली, एक वर.

"ही खालची माशाच्या तेलाची ना? बघा, कशी उतरतेय! मी डायबेटिसवाला, तो उंदीर डायबेटिसवाला. त्याला लागू पडतं, मला का नाही?"

"सर, तुम्ही उंदीर नाही."

"ते बायकोला सांगा," सर म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर टेबल हलेपर्यंत हसले.

मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात एक काळजी शिरली, आणि ती पुढे पोळ्यापर्यंत तिथेच राहिली. भाड्यानं खोली घेतल्यासारखी.

आता हा प्रयोग काय होता ते सांगतो. घाबरू नका, सोपं आहे. एका कंपनीला माशाच्या तेलाच्या कॅप्सूल बाजारात आणायच्या होत्या. माशाच्या तेलात ओमेगा-थ्री नावाचे चरबीचे घटक असतात. ते डायबेटिसमध्ये काही उपयोगाचे आहेत का, हे त्यांना बघायचं होतं. मग आम्ही काय केलं, पांढऱ्या उंदरांना आधी तुपकट खाणं घालून गुबगुबीत केलं. इतकं शाही खाणं की ते बघून मला घरचा डबा उघडायची लाज वाटायची. नंतर एक इंजेक्शन दिलं, त्यानं त्यांच्या शरीरातलं इन्सुलिन कमी पडायला लागलं. झाले डायबेटिसचे उंदीर. त्यांचे दोन गट पाडले, चिठ्ठ्या टाकून. अ गटाला रोज मक्याचं तेल, ब गटाला रोज माशाचं तेल. मक्याचं कशाला? तर फरक दिसला तो माशामुळे की नुसत्या तेलामुळे, हे कळायला हवं. अशा गटाला कंट्रोल म्हणतात.

उंदीर काही आ करून चमचाभर तेल घेत नाही. बोथट टोकाची, वाकडी सुई तोंडातून अलगद पोटापर्यंत नेऊन तेल सोडावं लागतं. याला गॅव्हाज म्हणतात. त्याला हात लागतो. ठरलेल्या दिवशी शेपटीच्या टोकाला बारीक टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा आणि साखर मोजायची. घरोघरी असतं तसलंच मीटर.

आणि एक नियम. पाजणाऱ्याला कळता कामा नये की कुठल्या बाटलीत काय आहे. नाहीतर त्याचं मन एका बाजूला झुकतं. म्हणून बाटल्यांवर नुसतं अ आणि ब. याला म्हणतात ब्लाइंडिंग. डोळ्यांवर पट्टी. पण नाकावर पट्टी बांधायचं कुणाला सुचलं नव्हतं. ब बाटलीचं झाकण उघडलं की असा दरवळ सुटायचा की मोरा बंदरातल्या मासळीच्या धक्क्यावरची मांजरं एसटी पकडून आमच्याकडे यायला निघायची. थोडं वाढवून सांगतोय. पण थोडंच.

कंपनीतर्फे आमच्याशी बोलायच्या त्या कर्णिक मॅडम. मार्केटिंगच्या हेड. सरांनी गोळ्या बंद केल्याचं सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला.

"डॉक्टर, ग्राफ बघितला. फॅब्युलस! मग इंटरिम रिपोर्टवर सही कुठे अडलीय?"

"मॅडम, जरा तपासून बघतोय."

"काय तपासताय? साखर खाली आली की नाही?"

"आली."

"मग? वाशीला हॉल बुक झालाय. गणपतीच्या आत लॉन्च. केकवर मासा काढून घेतलाय मी. तुम्ही टेन्शन घेऊ नका, फक्त सही करा."

सही माझी लागत होती, कारण प्रयोगाची जबाबदारी माझी. स्टडी डायरेक्टर हे भारदस्त नाव त्याचंच. पगार त्या मानानं भारदस्त नसतो. मी सही केली की त्या कॅप्सूलच्या खोक्यावर काय छापलं जाणार होतं ते मला दिसत होतं, आणि ते वाचून किती माणसं आपल्या गोळ्या कचऱ्यात टाकणार तेही. एकानं तर टाकल्याच होत्या. तो माझा साहेब होता.

मला खुपत होतं ते असं. माशाच्या तेलानं रक्तातली चरबी उतरते, हे बऱ्यापैकी माहीत आहे. पण साखर अशी धाडकन? आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. ब ची साखर उतरली, ठीक. पण त्याच दिवसांपासून अ ची चढली होती. मासा पाजला ब ला, मग अ ला काय झालं? शेजाऱ्यानं औषध घेतलं म्हणून आपला ताप वाढत नाही.

सरांना मी हे सांगितलं.

"मक्याचं तेल वाईट असतं," सरांनी निकाल दिला. "आमच्या हिला आजच सांगतो, घरात आणू नको म्हणून."

"मग सुरुवातीला का वाईट नव्हतं? तेव्हा तर दोन्ही रेषा सारख्या होत्या."

"डॉक्टर, तुम्हाला चांगलं झालेलं बघवत नाही का हो?"

एवढं म्हणून त्यांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि एका दमात संपवली. मग दुसरी. मी बघत राहिलो.

मी कामाला लागलो. पहिला संशय मीटरवर. लॅबमधली दोन्ही मीटरं एकाच रक्ताच्या थेंबावर लावून बघितली. जुळली. स्ट्रिपची पाकिटं बदलली. काही फरक नाही. दुसरा संशय विमानांवर. हसू नका. नवीन विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या डोक्यावरून विमानं जातात, आणि उंदीर हा फार भित्रा प्राणी. अ गटाचे पिंजरे खिडकीकडे असतील तर? बघितलं तर मांडण्या दर आठवड्याला फिरवल्या जात होत्या. दोन्ही गटांना विमानं सारखीच ऐकू येत होती. धावपट्टीशेजारच्या उलव्याच्या लोकांना येतात त्याहून कमीच.

तिसरा संशय मनात आणतानाच मला घाम फुटला. कंपनीनं तेलातच डायबेटिसची गोळी कुटून घातली असेल तर? असल्या गोष्टी धंद्यात होतच नाहीत असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. मी गुपचूप ब बाटलीतलं तेल तपासायला दिलं. अहवाल येईपर्यंत मी रोज स्वतःला कोर्टात उभं बघत होतो. कधी आरोपी म्हणून, कधी साक्षीदार म्हणून, एकदा तर चुकून वकील म्हणून. अहवाल आला. तेल शुद्ध. मासा आणि फक्त मासा.

तिकडे सरांची तब्येत "सुधारत" होती. हे त्यांचं म्हणणं.

"पट्टा दोन भोकं आत आला, डॉक्टर! वजन उतरतंय."

"सर, लघवीला किती वेळा जाता?"

"सारखं. शरीर साफ होतंय."

खूप तहान, सारखी लघवी, आपोआप उतरणारं वजन. आमच्या उंदरांना डायबेटिस लागला की नाही हे आम्ही नेमकं याच गोष्टींवरून ओळखतो. पिंजऱ्यातली भुशाची गादी ओली चिंब, पाण्याची बाटली रिकामी, उंदीर बारीक. सरांची केबिन मला पिंजऱ्यासारखी दिसायला लागली. त्यांच्या मागच्या खिडकीच्या जाळीमुळे तर जास्तच.

"सर, एकदा साखर तपासा. इथेच. आत्ता."

"लॉन्च झाल्यावर. तेव्हा स्टेजवर तपासू. कर्णिक मॅडमची आयडिया आहे. सगळ्यांसमोर आकडा दाखवायचा!"

मी वहिनींना, म्हणजे सरांच्या बायकोला, फोन केला. त्या म्हणाल्या, "ते माझं ऐकत असते तर तुमच्याबरोबर उंदीर पाळत बसले असते का?" हे उत्तर मला पटलं, पण उपयोगाचं नव्हतं. सरांना अडवायचा एकच रस्ता उरला होता. तो आलेख खोटा आहे हे दाखवायचं. आणि त्यासाठी तो कुठे खोटा आहे हे आधी मला कळायला हवं होतं.

मग मी एक वेगळी तपासणी लावली. एचबीए१सी. तुमच्यापैकी अर्ध्या लोकांना ती माहीत असेलच, बाकीच्या अर्ध्यांनी करून घ्या. बोट टोचल्यावर कळते ती त्या क्षणाची साखर. एचबीए१सी सांगते मागच्या काही आठवड्यांची सरासरी. क्षणाची साखर म्हणजे पाहुणे आल्यावर दिसणारं घर, आणि एचबीए१सी म्हणजे एरवीचं घर.

निकाल आला. अ आणि ब, दोघांची सरासरी सारखीच.

मी तो कागद उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. म्हणजे हे उंदीर दिवसभर, रात्रभर सारखेच आजारी होते. फरक पडत होता तो फक्त आम्ही टोचायला जायचो त्या वेळी. त्या वेळी ब गटाला काहीतरी बरं वाटत होतं आणि अ गटाला काहीतरी वाईट. तेलाशी याचा संबंध नव्हता. खोलीत काय होत होतं?

उंदरांच्या खोलीच्या दाराला एक काचेची खिडकी असते, बाहेरून बघायला. आजवर मी तिथून पाहुण्यांना उंदीर दाखवायचो. त्या दिवशी मीच नाक टेकवून उभा राहिलो.

आत आमचे दोन टेक्निशियन. एक हर्षला, मोऱ्याच्या कोळीवाड्यातली. बी.एस्सी. झालेली, तोंडानं फटकळ. दुसरे जगदाळे, मूळचे साताऱ्याकडचे, आता उलव्याला राहतात. अनुभवी माणूस. लहानपण म्हशींच्या गोठ्यात गेलेलं, त्यामुळे जनावर कसं धरायचं याची त्यांची एक ठाम कल्पना आहे. जनावर सुटता कामा नये, एवढीच ती कल्पना.

हर्षलानं पिंजरा उघडला. आधी हात नुसता आत ठेवला. उंदीर येऊन हुंगून गेला. मग तिनं त्याला जुन्या मऊ टॉवेलात घेतलं, कोपराच्या बेचक्यात ठेवलं, काहीतरी पुटपुटली, आणि शेपटीला टोचलं. उंदराला कळलंसुद्धा नसावं. तो बहुतेक जांभई देत होता.

जगदाळ्यांनी पिंजरा उघडला. खाडकन. हात आत, मान पकडली, उंदीर बाहेर. टोचला. परत आत. झाकण खाडकन. जुलूम नव्हता, नियमात बसणारं होतं सगळं. पण शेजारच्या पिंजऱ्यातले उंदीर आधीच कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसले होते. त्यांना पुढचा नंबर कुणाचा ते कळत होतं.

आणि घाबरलं की साखर चढते. उंदराची चढते, माणसाचीही चढते. पळून जाण्यासाठी शरीर रक्तात साखर ओततं. पळायला जागा नसली तरी.

पण हेही पुरेसं नव्हतं. कारण दोघांनी दोन्ही गटांचे अर्धे अर्धे पिंजरे करायचे असं ठरलेलं होतं. म्हणजे मऊ हात आणि कडक हात दोन्ही गटांच्या वाट्याला सारखेच यायला हवे होते. मी पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायला लागलो. हर्षलाकडे ब. पुढचा, ब. त्याच्या पुढचा, ब. जगदाळ्यांकडे अ, अ, अ.

मी दार उघडून आत शिरलो. टोपी घालायची विसरलो, त्यावरून हर्षला आधी माझ्यावरच ओरडली.

"सर, टोपी! तुमीच नियम करता आनि तुमीच असे येता?"

"हर्षला, सगळे ब तुझ्याकडे कसे?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"आवो सर, त्येचं काय झालं..." जगदाळ्यांनी हातमोजे काढले. "आमी श्रावण धरलाय न्हवं का."

"बरं मग?"

"ब च्या बाटलीत मासा हाय. आमच्यात अनंत चतुर्दशीपतोर वशाट चालत न्हाय. दिसभर त्या तेलात हात घालायचा आन् घरी जाऊन त्याच हातानं शंकराला बेल व्हायचा? मंडळी घरात घेनार न्हाय मला."

"बाटलीत काय आहे ते तुम्हाला कळता कामा नये, जगदाळे!"

"कसं न्हाय कळणार, सर? बाटली उघडली की खोलीत कालवण शिजतंय असं वाटतं."

"आनि मना काय," हर्षला म्हणाली. "माजी आय बाजारात मासली विकते. मी त्याच वासात मोठी झाली. मी बोलली, द्या तुमचे ब मना, माजे अ तुमी घ्या. त्याच्या बदल्यात पिंजरे धुवायचे ते यांनी. बोलून चालून अदलाबदल हाय. तेल बरोबर जातं, माप बरोबर जातं. काय चुकलं?"

"मला सांगायचं नाही?"

"तुमी कवा विचारलं, सर?"

"कधीपासून हे चाललंय?"

"गटारी झाली न्हवं," जगदाळे म्हणाले, "त्येच्या दुसऱ्या दिवसापास्नं."

मला आलेख डोळ्यांसमोर दिसला. दोन मैत्रिणी, आणि फाटा. तो फाटा ज्या आठवड्यात फुटला तो आठवडा मला पक्का आठवत होता. गटारीच्या दुसऱ्या दिवशी निम्मी लॅब डोकं धरून बसलेली असते. मी त्याच निम्म्यात होतो. आम्ही समजत होतो माशाच्या तेलाचा गुण आला. गुण श्रावणाचा होता.

पण मला वाटलं म्हणून ते सिद्ध होत नाही. अदलाबदल करून बघायला हवं होतं. "जगदाळे, आज ब गटाची साखर तुम्ही घ्या. हर्षला, अ तू."

जगदाळे दोन पावलं मागे सरकले. "सर, नोकरी घ्या, पन श्रावण मोडाया लावू नगा."

"तेल नाही पाजायचं. फक्त शेपटीचा थेंब."

"शेपटीला वास न्हाय ना?"

मी एक ब उंदीर उचलला आणि त्याची शेपटी हुंगली. पशुवैद्यकाची पदवी मी एवढ्यासाठी घेतली होती हे तेव्हा कळलं. "नाही," मी शपथेवर सांगितलं. मग जगदाळ्यांनीही खात्री करून घेतली, हात जोडून वर छताकडे बघितलं आणि पिंजरा उघडला. खाडकन.

मी मीटर घेऊन उभा होतो. ब गटाचा पहिला आकडा वर. दुसरा वर. तिसरा त्याच्याही वर. तिकडे हर्षलाच्या टॉवेलात अ गटाचे उंदीर पहिल्यांदाच विसावले होते आणि त्यांचे आकडे खाली येत होते. एका सकाळी दोन्ही रेषांनी जागा बदलली. तेल तेच, उंदीर तेच, फक्त हात बदलले.

मला नाचावंसं वाटलं. हर्षला मात्र ब च्या पिंजऱ्यांकडे बघत होती.

"म्हंजे सर, माजे उंदीर बरे नाय झाले?"

"नाही गं."

"मना वाटलं, बरे होतान म्हणून असे शांत बसतात."

जगदाळे हातमोज्यांची बोटं ओढत म्हणाले, "मी काय मारत न्हवतो त्येनला." कुणी तसं म्हटलंच नव्हतं.

मी कागद घेतले आणि सरांच्या केबिनकडे पळालो. आत कर्णिक मॅडम सहीसाठी स्वतः येऊन बसल्या होत्या. केकचा फोटो दाखवत होत्या. सर खुर्चीत रेलून बसले होते. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले, समोर पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांची रांग.

"मॅडम, सही होणार नाही," मी म्हणालो.

"एक्स्क्यूज मी?"

"साखर तुमच्या तेलानं उतरली नाही. आमच्या हर्षलाच्या हातानं उतरली."

मग मी सगळं सांगितलं. श्रावण, बाटली, बेल, टॉवेल, एचबीए१सी, सगळं. मॅडमनी ते अर्धं ऐकलं.

"म्हणजे तुमच्या स्टाफच्या उपासापायी माझा लॉन्च रद्द?"

"रक्तातली चरबी खरंच उतरलीय, मॅडम. ती हातानं उतरत नाही. ती तुमच्या तेलाची. तेवढं मी आनंदानं लिहून देतो."

"चरबीवर हॉल भरत नाही, डॉक्टर! देशमाने सर, तुम्ही बोला ना."

सर बोलले, पण आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. "डॉक्टर, तुमचं ते काही असेल. मला स्वतःला फरक पडलाय. मी जिवंत पुरावा आहे."

"मग बोट द्या," मी म्हणालो. उंदरांचं मीटर माझ्या हातातच होतं. "आकडा चांगला आला तर आत्ता सही करतो. मॅडमच्या पेनानं."

ही पैज लावताना माझं धाबं दणाणलं होतं. मला हरायचं नव्हतं, पण जिंकलो तर काय, याची त्याहून भीती होती.

मॅडम समोर बसलेल्या. सर अडकले. त्यांनी दाराकडे बघितलं. तिथे हर्षला आणि जगदाळे दोघंही येऊन उभे होते.

"टोचायचं असेल तर," सर हळूच म्हणाले, "जगदाळे नको."

म्हणजे त्यांना सगळं पटलं होतं.

हर्षलानं सरांचा हात घेतला, बोट चोळलं, "कायसुद्धा नाय होत, सर" म्हणाली आणि टोचलं. मीटरवर आकडा आला. तसले आकडे मी फक्त उंदरांच्या कागदांवर बघितले होते, तेही अ गटाच्या, जगदाळ्यांच्या हातचे. आणि इथे तर हात हर्षलाचा होता.

कर्णिक मॅडमनी केकचा फोटो बंद केला, पर्स उचलली आणि मग एकदम म्हणाल्या, "माझी गाडी खाली आहे. यांना धरा कुणीतरी." त्यांच्याबद्दल मी नंतर कितीही वाकडं बोललो असलो तरी हे मी विसरत नाही. जगदाळ्यांनी सरांना उठवलं. म्हशी सांभाळलेला तो हात त्या वेळी फार कामाला आला. सर सुटले नाहीत.

पनवेलच्या हॉस्पिटलात सरांना सलाईन आणि इन्सुलिन लागलं. डॉक्टरांनी, म्हणजे माणसांच्या डॉक्टरांनी, मला बाजूला घेऊन विचारलं, "गोळ्या कुणी बंद करायला सांगितल्या?" मी म्हणालो, "उंदरांनी." त्यांना ते आवडलं नाही. पण अजून थोडा उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे त्यांनी ज्या शब्दांत सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही. मी बाहेर येऊन हॉस्पिटलच्या पायरीवर बसलो, आणि डोक्यातल्या त्या काळजीनं इतक्या दिवसांनी खोली रिकामी केली.

पुढचं थोडक्यात. प्रयोगाचा तेवढा भाग बाद केला, का बाद केला ते लिहून ठेवलं, आणि तो पुन्हा केला. या वेळी हात ठरल्याप्रमाणे वाटून, आणि आधी महिनाभर जगदाळ्यांना टॉवेलाची शिकवणी देऊन. हर्षला त्यांना इतकं बोलायची की उंदरांना त्यांची दया आली असावी. निकाल आला तो असा: चरबी उतरली, साखर जागच्या जागी. कर्णिक मॅडमनी खोक्यावर 'हृदयासाठी' असं छापलं आणि वाशीचा तो हॉल कुणाच्या तरी बारशाला गेला.

यातून शिकण्यासारखं एवढंच. आम्ही उंदरांची जात बघितली, वय बघितलं, वजन, खाणं, पाणी, उजेड, विमानं, सगळं बघितलं. बघितला नाही तो उंदराला धरणारा माणूस. तेव्हापासून कुठलाही प्रयोग आखताना मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर पसरतो आणि हर्षला-जगदाळ्यांना समोर बसवतो. श्रावण कुणाचा, मार्गशीर्षातले गुरुवार कुणाचे, नवरात्रात कोण काय शिवत नाही, सगळं आधी विचारून घेतो. बाहेरून आलेल्या एका तपासनिसांनी विचारलं होतं, हे कुठल्या नियमावलीत आहे? मी म्हटलं, आमच्या.

सर आता ठणठणीत आहेत. गोळ्या वेळेवर घेतात, वहिनींसमोर. दर महिन्याला लॅबमध्ये साखर तपासतात आणि आकडा छान आला की सगळ्यांना दाखवत फिरतात. टोचते अर्थात हर्षला. मी कितीदा सांगितलं, सर, शास्त्राच्या नियमानं एक महिनाआड जगदाळ्यांनी टोचायला हवं, त्याशिवाय तुमचा आकडा मी खरा धरणार नाही.

सर अजून तयार झालेले नाहीत.